सोमवार बैलांचा, शुक्रवार कचेरीचा

आमचं गाव वाढलं, असं हल्ली जो तो म्हणतो. शहराला लागून आहे, मोक्याचं आहे, सडक दारावरून जाते, कचेरीतली माणसं हौसेनं इथं राहायला येतात. ऐकून माझं डोकं फिरतं. पोटात मूल असलं तरी पोट वाढतं आणि जलोदर झाला तरी वाढतं, लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. हे गाव कसं वाढलं ते मी चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता बघितलं आहे. म्हणून मी बोलणार.

मी दिंद्रुडची. माहेरी मोठा बाजार, व्यापाऱ्यांची दुकानं, कापसाच्या गाड्यांची ये-जा. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या दिवशी मी सासूला विचारलं होतं, गाव कुठं आहे? बिंदुसरा नदीच्या या काठाला चार आळ्या, एक मारुती, मारुतीपुढं लिंबाचा पार आणि उताराला दगडी बारव, संपलं गाव. बीड शहर नदीपलीकडं दीड कोसावर. पण तिकडं माणसं जायची ती मीठ संपल्यावर, नाहीतर कोर्टाची तारीख लागल्यावर. कुणी "म्या बीडाला गेलतो" म्हणाला की पारावरची माणसं सरकून त्याला जागा द्यायची आणि तो गडी आठवडाभर तेच सांगत बसायचा.

मग शहरात प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले, तशी शहरातली माणसं दारांना कुलपं घालून रानात पळाली. त्यातली बरीचशी आमच्या आमराईत उतरली. गावानं त्यांना झोपड्यांना तुराट्या दिल्या, कडबा दिला, मी स्वतः ताकाची चरवी रोज नेऊन दिली आहे. प्लेग गेला, निम्मी माणसं परत गेली. उरलेल्यांनी झोपड्यांना मातीच्या भिंती घातल्या. हवा चांगली आहे म्हणाली. पोटापाण्याला मात्र शहरातच जायची. सकाळी नदी उतरून पलीकडं आणि दिवेलागणीला अलीकडं. राहायला आमचं गाव आणि बोलायला बीड. इथल्या पिकापाण्याचं त्यांना कधी काही पडलेलं नव्हतं.

त्या झोपड्यांत कचेरीतले एक पेशकार होते. माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे भावजींना, त्यांच्यापाशी जाऊन बसायचा नाद लागला. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. भावजी त्यांच्याकडं उर्दू शिकले, बोरूनं लिहायला लागले, आणि एक दिवस पेशकारांच्या वशिल्यानं कचेरीत कारकून म्हणून चिकटले. आमच्या गावचा, आमच्या मातीतला, रोज बीडला जाणारा पहिला माणूस माझ्या घरातला. सासूनं साखर वाटली. मीही तेव्हा मिरवलं, खोटं कशाला सांगू.

त्यांचं बघून दुसरा गेला, मग तिसरा. कुणी कारकून झाला, कुणी चपराशी, कुणी पेढीवर लागला. पहाटे उजाडायच्या आत ही सगळी वरात नदीकडं निघायची. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, कमरेच्या खाली धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि जोडे हातात. नदी ओलांडली की पाय पुसून जोडे घालायचे आणि तिथून साहेब व्हायचे. संध्याकाळी परत येताना नदीच्या त्याच दगडावर बसून जोडे काढायचे. पुढं सायकली आल्या, टांगे आले, वडाखाली टांग्यांचा अड्डा झाला. परटानं शेतकऱ्यांची धोतरं धुणं सोडून शेरवान्यांना इस्त्री करायला घेतली. सुतारालाही कचेरीवाल्यांच्या खुर्च्या आणि मांडण्या गोड वाटायला लागल्या, आणि आमचा नांगर त्याच्या दारात पावसाळ्यापर्यंत मोडका पडून राहायचा. याला गाव वाढणं म्हणतात.

माझं घर म्हणजे या सगळ्याचा नमुना. थोरले, म्हणजे आमचे मालक, शेतकरी. धाकटे भावजी कचेरीत. आमच्याकडं सोमवारी बैलांना जू लावत नाहीत. नंदी महादेवाचा आणि सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशी बैल दावणीला. बैल मोकळे म्हणजे माणूसही मोकळा. कचेरीची सुट्टी मात्र जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी भावजी अंगणात खाट टाकून लोळायचे तेव्हा मालक खळ्यात घामानं निथळत असायचे, आणि सोमवारी मालक पारावर पान चघळायचे तेव्हा भावजी दफ्तरात मान मोडत असायचे. "काय बे, जुम्म्याचं लोळणं झालं का?" म्हणून मालक टोमणा मारायचे. भावजी तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण सोमवारी निघताना दार जरा जोरात ओढायचे. एका आईच्या पोटच्या दोन भावांना कधी एका पंगतीला बसवता आलं नाही मला. पहाटे भावजींच्या शिदोरीला पोळ्या करायच्या, कारण भाकरी साहेबापुढं काढायला लाज वाटते. उन्हं वर आली की मालकांच्या न्याहारीची भाकरी शेतावर न्यायची. संध्याकाळी पुन्हा दोघांच्या दोन वेळा.

या सगळ्या रहाटगाडग्यात मला एकच सुख होतं, ते म्हणजे माझी जाऊ. लिंबागणेशची लेक. तिचे वडील गावात पोथी लावायचे, त्यांनी तिला वाचायला शिकवलं होतं. माझ्यापेक्षा बरीच लहान, हसरी, आणि तोंडानं फटकळ. आम्ही पहाटे जात्यावर समोरासमोर बसायचो. दळण झालं की जात्याभोवती सांडलेल्या पिठात ती बोटानं अक्षर काढायची आणि मला गिरवायला लावायची. सासू उठायची चाहूल लागली की दोघी मिळून पीठ गोळा करायचो. आज मी हे लिहिते आहे ते त्या पिठातल्या अक्षरांच्या जोरावर. मला बहीण नव्हती. तिच्याशिवाय त्या घरात माझ्याशी दोन शब्द माणसासारखे बोलणारं कुणी नव्हतं.

आता बारवेचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. एका बाजूला मोटेचं पाणी पडायला थारोळं होतं आणि बैलांना मोट ओढत उतरायला धाव, म्हणजे उताराची वाट होती. शिमगा झाला की पाडव्याच्या आधी एका सोमवारी अख्खं गाव बारवेचा गाळ काढायचं. घरटी एक माणूस. बैल त्या दिवशी जुंपायचे नाहीत, म्हणून पायऱ्यांवर माणसांची रांग लागायची आणि घागरी हातोहात वर यायच्या. पाणी तळाला गेलं की गडी चिखलात उतरायचे, पाट्या भरभरून गाळ वर यायचा. झिरपलेल्या नव्या पाण्याची पहिली घागर मारुतीला, आणि मग पारावर सगळ्या गावाला मलिदा. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं हे असंच चाललेलं मी बघितलं.

पुढं आमराईतली बिऱ्हाडं वाढली, तशी बारवेवर घागरी वाढल्या, आणि रांगेतले हात मात्र कमी झाले. कारण सोमवारी निम्मं गाव नदीपलीकडं. एका वर्षी पाणी अर्धंच उपसलं गेलं. पुढच्या वर्षी लोक जमले, एकमेकांची तोंडं बघितली आणि घरी गेले. त्यानंतर कुणी जमलंच नाही. पाणी हिरवं झालं, पायऱ्यांवर शेवाळ आलं, बायका घसरून पडायला लागल्या. महारवाड्यातल्या माणसांना हे गाव एरवी हरएक कामाला वेठीला धरायचं, पण गाळ काढायला त्यांना बोलवा म्हटलं की सगळे गप्प. पाणी बाटेल म्हणे. शेवाळानं ते बाटत नव्हतं.

मग नारू आला. ज्यांनी बघितला नाही त्यांचं नशीब. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा बाहेर येतो. तो ओढून चालत नाही, तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळून रोज जरासा बाहेर घ्यायचा. माझ्या जावेच्या पायाला नारू झाला. ती ओसरीवर पाय लांब करून, पायाला काडी बांधून बसायची आणि ओठ चावायची. चांगलं पाणी हवं म्हणून मी नदीच्या वाळूत झिरा उकरायची, वाटीवाटीनं घागर भरायची आणि दोघींच्या वाटची खेप एकटीनं आणायची. कमरेचा पार काटा ढिला झाला.

एक दिवस तिचं कण्हणं ऐकून भावजी भडकले. मालक नुकतेच शेतावरून आले होते, त्यांच्यापुढंच उभे राहिले.

"दादा, सांगून ठिवतो. आखितीपातूर बारव साफ झाली तर ठीक. न्हाईतर मी हिला घेऊन बीडात ऱ्हायाला जाणार. तिथं आडाला रहाट हाय, पान्यात पाय घालावा लागत न्हाई."

"जा की," मालक म्हणाले. "धरलंय कुणी?"

आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, फार लांब नव्हती. जाऊ माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. आम्हा दोघींना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, काही झालं तरी आखितीच्या आत बारव साफ झाली पाहिजे.

मी मालकांच्या मागं भुणभुण लावली, तिनं भावजींच्या मागं लावली, आणि शेवटी पारावर बैठक बसली. मी मारुतीला पाणी घालायच्या निमित्तानं देवळात जाऊन उभी राहिले. कचेरीवाले एकीकडं बसले होते, शेतकरी एकीकडं. मध्ये बैल जाईल एवढी जागा मोकळी.

"शुक्रवारी करू," भावजी म्हणाले. "आमी समदे घरी असतो."

"शुक्रवारी आमचं खळं कोण बघंल? तुजा साहेब?" एका शेतकऱ्यानं विचारलं. "सुगीचे दिवस हाईत. बारवेचा वार सोमवार. बापजाद्यापासून सोमवार."

"सोमवारी आमाला रजा कोण देईल? साहेब इचारंल, कावून? काय सांगू, चिखल काढायचाय म्हणून?"

"लाज वाटती व्हय बे चिखलाची? चिखलातलंच खातूस ना?"

यावर दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. शेवटी गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा मधे पडले. त्यांनी तोड काढली. शुक्रवारी शेतकऱ्यांनी एक जोडी बैल द्यायचे आणि कचेरीवाल्यांनी मोट धरून पाणी उपसायचं. सोमवारी शेतकऱ्यांनी उतरून गाळ काढायचा. दोघांचा वार राहिला, दोघांचा मान राहिला. सगळ्यांना ते इतकं पटलं की पानसुपारी वाटून बैठक उठली. मी देवळात कपाळावर हात मारून घेतला.

रात्रीच्या जेवणाला मी मालकांना म्हटलं, "अवो, बारवेला जिते झरे हाईत. शुक्रवारी उपसलेलं पानी सोमवारपातूर आटून बसंल व्हय?"

"मोठ्या मान्सांनी ठरीवलंय," मालक म्हणाले. "तुजं कालवण बघ, खारट झालंय."

झालं तेच जे व्हायचं होतं. शुक्रवारी कचेरीवाल्यांनी मोट धरली. सवय नाही, बैल ऐकेनात, एकाचा पाय मोटेच्या नाड्यात अडकला, पण दिवसभर ओढून ओढून त्यांनी बारव तळाला नेली. चिखल दिसायला लागला. तेव्हा त्यांनी काय करावं? हात झाडले, आंघोळी केल्या आणि घरी गेले. पाटी दोन पाट्या गाळ काढावा असं एकाच्याही मनात आलं नाही, कारण गाळ हा सोमवारवाल्यांचा. सोमवारी शेतकरी फावडी घेऊन आले तर पाणी नेहमीच्या पायरीला. तेही काठावर उभं राहून म्हणाले, "यांनी काय उपसलं? चुळा भरल्या जनू." आणि परत गेले. पाणी उपसावं असं त्यांच्याही मनात आलं नाही, कारण उपसणं हे शुक्रवारवाल्यांचं.

पुढच्या शुक्रवारी कचेरीवाले बघायला आले. गाळ तसाच. मग चिडून त्यांनी पुन्हा उपसलं, आपण आपलं काम केलं हे दाखवायला. आणि सोमवारी शेतकरी पुन्हा आले, आपण आपल्या वाराला हजर आहोत हे दाखवायला. शहाण्यासुरत्या माणसांनी हा खेळ दोनदा केला. घरी येऊन मालक भावजींना शिव्या घालायचे, भावजी मालकांना, आणि दोघं पाणी मागायचे माझ्याकडं. मला इतका संताप यायचा की तांब्या फेकून मारावासा वाटायचा. इकडं आखिती जवळ येत चालली होती आणि भावजींनी जावेची ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली होती.

ती ट्रंक बघून मी उठले आणि नदीवर झिऱ्याला गेले. सगळ्या बायका तिथंच, वाळूत बसून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. शेतकऱ्यांच्या होत्या, कचेरीवाल्यांच्याही होत्या. मी म्हटलं, बायांनो, आता आपणच काढू गाळ. सगळ्या हसल्या.

"काढू की," एक म्हणाली. "पर पायऱ्यांवर शेवाळ, घागरींची रांग जमायची न्हाई. मोट कोण वढंल? शेतातली कामं नसत्यात ती सोमवारी, आन् सोमवारी बैलांना जू लावायचं न्हाई."

"बैलांना लावायचं न्हाई," मी म्हटलं. "आपल्याला लावायला कुणाची ना हाय?"

हसणं थांबलं. मग आमराईतल्या एका पेशकारणीनं, जिला मी आजवर नाजूक समजत होते, पदर खोचला आणि विचारलं, "कधी?"

सोमवारी सकाळी वरात नदीपलीकडं गेली आणि शेतकरी पारावर जाऊन बसले. आम्ही कासोटे घालून बारवेवर गेलो. मोट सोडली, नाडा हातात घेतला, खांद्याला चिंध्या गुंडाळल्या आणि धावेवरून खाली ओढायला लागलो. पहिली मोट वर येईना. दुसऱ्यांदा जोर केला तशी आली, आणि पाणी थारोळ्यात धो धो पडलं. माझी जाऊ काडी बांधलेला पाय दगडावर ठेवून काठावर बसली होती. गडी मोटेवर जसा सूर लावतात तसा तिनं सूर लावला, की आम्हाला पावलं मोजायला नकोत. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. बैल ज्या वाटेनं रोज चालायचे त्या वाटेनं आम्ही खाली जायचो, वर यायचो आणि पुन्हा खाली.

पारावर बातमी पोचली. मालक धावत आले, मागं सगळे.

"अगं, काय चाललंय हे? लोक काय म्हन्तील?"

"सोमवार पाळतोय," मी म्हटलं. "बैल दावनीलाच हाईत, बगून घ्या."

बाईला जुंपू नये असं कुठल्या वाराला सांगितलेलं नव्हतं. ते सगळे लिंबाच्या सावलीत उभे राहून बघत राहिले. हातांची सालटी निघाली, एकीला भोवळ आली, तिला पाणी पाजून बाजूला बसवलं आणि तिच्या जागी दुसरी आली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तळ दिसला. आम्ही फावड्यांना हात घातला, तेवढ्यात मालकांनी डोक्यावरचा पटका काढला, काठावर ठेवला आणि पायऱ्या उतरून चिखलात गेले. त्यांच्या मागून बाकीचे गेले. गाळ पुरुषांनी काढला, हे खरं आहे. आम्हाला त्यांनी वर हाकललं, म्हणाले घरी जा, मलिद्याचं बघा. आम्ही सोललेल्या हातांनी पोळ्या लाटून त्यांचा मलिदा केला.

दिवेलागणीला कचेरीवाले आले. भावजींनी जोडे हातात घेऊन बारवेत डोकावून बघितलं. नवं पाणी तळाला चमकत होतं.

"वा," ते म्हणाले. "आता हे गाव ऱ्हान्यासारखं झालं."

ऐकून माझा जीव भांड्यात पडला. जावेनं ओसरीवरून माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. त्या रात्री मला अंग दुखत असूनही गाढ झोप लागली.

पुढच्या काही दिवसांत तिच्या पायातला नारू सगळा बाहेर आला. ती लंगडत का होईना माझ्याबरोबर बारवेवर यायला लागली. पहाटेची अक्षरं पुन्हा सुरू झाली. गावात मात्र आमच्या मोटेचं नाव कुणी काढत नव्हतं. पारावर बोलणं चालायचं ते गाळ किती काढला आणि कुणी किती पाट्या उचलल्या याचं. मी म्हटलं, घ्या तुमचं श्रेय, मला माझी जाऊ राहिली.

आखितीच्या आधी भावजी चुलीपाशी आले. मला वाटलं, पोळ्या जास्त करा म्हणून सांगायला आले असतील.

"वैनी, आमच्या कचेरीतले एक कारकून हाईत. त्यांला इथं घर पायजे. पानी लई चांगलं झालंय असं म्याच सांगितलं. घराची आमची बाजू त्यांला भाड्यानं देतो. मला कचेरीच्या अंगाला खोली भेटलीय."

मला कळेना मी काय ऐकते आहे. "अवो, पर बारव तर साफ झाली! तुमीच म्हनला व्हता, साफ झाली तर जानार न्हाई."

"झाली म्हनूनच तर घराला गिऱ्हाईक आलं वैनी. न्हाईतर या गावात कोन येतंय? मला रोजचं नदी उतरनं नको झालंय."

म्हणजे बघा. जाऊ राहावी म्हणून मी खांद्यावर नाडा घेतला, आणि तिचं जाणं मीच ओढून आणलं. बारव घाण राहिली असती तर भावजी नुसते धमक्या देत बसले असते, कारण घराला गिऱ्हाईक नव्हतं आणि आपली बाजू फुकटात भावाच्या हाती सोडून जायची त्यांची छाती नव्हती. कुणावर चिडायचं तेही मला कळेना. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे, रोजची कटकट गेली."

ती शुक्रवारी गेली. अर्थातच शुक्रवारी, कचेरीला सुट्टी होती. नव्या भाडेकरूंचं सामान घेऊन जी गाडी आली त्याच गाडीत तिची ट्रंक चढवली, फेरी वाया जायला नको म्हणून. मी तिच्या ओटीत खण घातला आणि हात धरला. माझ्या तळव्याला अजून नाड्याचे घट्टे होते. त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"आक्का," ती म्हणाली, "नाडा सोडून दिला असता तर बरं झालं असतं."

ती हसत होती आणि रडत होती. गाडी नदीच्या उताराला लागली तेव्हा मी घरात आले आणि जात्याभोवतीचं पीठ हातानं पुसून टाकलं.

तिच्यामागं बरीच घरं तशीच गेली, आणि तशीच नवी बिऱ्हाडं आली. आमचे लोक शहरात गेले आणि शहरातले लोक आमच्या घरांत. आमराई तुटली, तिथं पत्र्याची घरं झाली, पुढं मोटारही आली. पाणी चांगलं आहे, असं सगळे येणारे म्हणतात.

पण मला आठवते ती गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. भाडेकरू कारकुनाची बायको घागर घेऊन माझ्या मागोमाग बारवेवर आली. वयानं जावेएवढीच. नवं गाव, नवी माणसं, म्हणून सारखी काहीतरी विचारत होती. पाणी लई गोड आहे म्हणाली. विहीर कुणी साफ केली म्हणाली. मी म्हटलं, गावानं.

तिनं घागर भरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, इथं सुट्टी कुठल्या वारी असती वो?"

"बैलांना सोमवारी," मी म्हटलं. "साहेबांना शुक्रवारी."

"आन् आपल्याला?"

जाऊ असती तर दोघी खदखदून हसलो असतो. मी खाली वाकले आणि तिची घागर उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली.